न फिरवलेले दोन स्क्रू

विनोद असा होता.

एक बाई इलेक्ट्रिक गिटार घेऊन दुकानात येते. म्हणते, "दादा, तार ओढताना फार कडक लागते. जरा हलकी करून द्याल का?" दुरुस्तीवाला म्हणतो, "अर्ध्या तासात देतो." गिटार मागच्या खोलीत नेतो, टेबलावर आडवी ठेवतो आणि शेजारी बसून डबा खातो. मग हात धुतो, फडक्याने तारा पुसतो आणि गिटार बाहेर आणून देतो. एकही स्क्रू फिरवलेला नाही. बाई वाजवते, डोळे मिटते आणि म्हणते, "अगंबाई! किती हलकी झाली!"

पहिल्यांदा सांगितला तेव्हा तो विनोद नव्हताच. दुपारी घडलेली गोष्ट होती, संध्याकाळी सांगितली, एवढंच.

*

त्या दुरुस्तीवाल्याला गल्लीत सगळे मिलीमीटर म्हणत. नाव ठेवणाऱ्याने थट्टेत ठेवलं होतं, पण त्याने ते बिरुदासारखं मिरवलं. त्याच्या खिशात पेनाऐवजी पोलादी पट्टी असायची. बारशाला गेला तरी पाळण्याचा दांडा तिरका आहे हे आधी बघेल आणि बाळ नंतर, असं त्याची बायको म्हणायची. लांबलांबून लोक त्याच्याकडे गिटार घेऊन यायचे आणि त्याच्या हातून गेलेल्या गिटारीला दुसरा कोणी हात लावत नसे. लावला तर म्हणत, "मिलीमीटरने बघितलीय ना? मग प्रश्न मिटला."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण सगळा घोटाळा त्यानेच केला.

काम काय होतं, तेही सांगतो. असल्या गिटारीच्या पोटावर दोन धातूच्या पट्ट्या असतात. पुढची ती ब्रिज. तारा तिच्यावरून जातात. ती खाली घेतली की तारा बोटांच्या जवळ येतात. मागची ती टेलपीस. तारांची टोकं तिच्यात अडकवलेली असतात आणि ती दोन जाड स्क्रूंवर बसते. टेलपीस पार लाकडाला टेकेपर्यंत दाबली, की तारा ब्रिजवरून खाली खोल वाकतात आणि बोटाला कडक लागतात. थोडी वर घेतली की नरमतात, आवाजही जरा मोकळा होतो. काहींना दाबलेला आवाज आवडतो, काहींना मोकळा. त्यावर लोक तासन्‌तास भांडतात. पण स्क्रू फिरवायला लागतात चार मिनिटं.

चार मिनिटं. आणि त्याने डबा खाल्ला.

का खाल्ला? शनिवार होता, तीन गिटारी रांगेत होत्या, आधीच्या गिऱ्हाइकाने एका ओरखड्यावरून तासभर डोकं खाल्लं होतं. ही कारणं खरी आहेत. पण त्याने बाईकडे नीट पाहिलंही होतं. गळ्यात मापाची फीत, मनगटावर टाचण्यांची उशी. कपडे उसवून-आवळून देणाऱ्या दुकानातून तशीच उठून आलेली, पन्नाशीच्या अलीकडची. हौशी दिसतेय, हिला काय कळणार, असं त्याच्या मनात आलं. दुसऱ्यांच्या अंगाचं माप अर्ध्या बोटाने चुकू न देणारी बाई, तिला काय कळणार.

तिने दिलेली मजुरीही त्याने घेतली होती. हा भाग विनोदात कधीच नव्हता.

*

विनोद, चौथ्यांदा: बाईचा पुरुष झाला. बाईवर हसलं की ऐकणाऱ्यांतली एखादी भुवई वर जाते, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

विनोद, दहाव्यांदा: पुरुषाला काळा चष्मा आला, टाचांचे बूट आले, हाताखाली दोन चेले आले.

विनोद, विसाव्यांदा की काय: तो पुरुष आता म्हणतो, "मला अर्ध्या मिलीमीटरचाही फरक कळतो हं!" दुरुस्तीवाला डबा खाताना भाजीचा एक थेंब गिटारीवर पडतो, तो पुसतो, आणि पुरुष नेमक्या त्या जागेला हात लावून म्हणतो, "इथे! इथेच काहीतरी केलंत तुम्ही! लोणी झालीय, लोणी!"

थेंब पडलेला नव्हता. पण हशा तिथेच पिकायचा.

शेजारच्या गाळ्यात ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा व्हॉल्व्हवाला होता. त्याला तर हा विनोद इतका आवडला की तो स्वतःच सांगू लागला, आणि मिलीमीटरपेक्षा बरा सांगायचा.

हसलं नाही ते फक्त एक माणूस. मिलीमीटरने बायकोला सांगितला तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मग घरी गेल्यावर?" तिने विचारलं.

"घरी गेल्यावर काय?"

"घरी गेल्यावर पुन्हा कडक लागली असेल ना तिला."

"अगं, लागली असती तर परत आली नसती का?"

"कशी येणार? तुम्ही बघितलीय म्हटल्यावर." तिने उशीचा अभ्रा झटकला. "मला तर शिंप्याने ब्लाउज बिघडवला तरी वाटतं, मीच जाडी झाले असेन."

तो म्हणाला, तुला विनोद कळत नाही.

*

आठ महिने गेले. आठवड्यातल्या मधल्या वारी सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं, आणि ती आली. काउंटरवर गिटारीची पेटी ठेवली आणि म्हणाली, "दादा, ओळखलंत?"

त्याने क्षणात ओळखलं. बाईचा पुरुष, चष्मा, बूट, चेले, सगळं आठ महिने चढवत गेला होता. एका हाकेत ते गळून पडलं आणि खाली हीच बाई उभी होती.

"हो हो, या ना ताई. काय म्हणते गिटार?"

"गिटार काय म्हणणार? गिटार उत्तम आहे. विकायची आहे."

तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती. अनामिका जरा सुजलेली.

"विकायची? का?"

"बोटं. तिसरी तार ओढली की कळ कोपरापर्यंत जाते. डॉक्टर म्हणाले, आराम द्या. दोन महिने दिला. पुन्हा हात लावला की पुन्हा तेच." ती हसली, ओशाळल्यासारखी. "आम्ही चौघी वाजवतो, अकरा वर्षं झाली. ड्रमवर माझी नणंद आहे. ती म्हणते, वहिनी, गिटार बदलून बघ. मी म्हटलं, अगं, गिटारीचा प्रश्नच नाही, ती मिलीमीटरदादांनी स्वतः लावून दिलीय. यापेक्षा हलकी होतच नाही. दोष असेल तर माझ्या हातात आहे."

मिलीमीटर पेटीच्या कड्या उघडत होता. एक कडी त्याला उघडेना.

"वय झालं असेल," ती म्हणाली. "दिवसभर सुई, संध्याकाळी तारा. बोटांनी तरी किती करायचं? रविवारी एक नवीन मुलगी येतेय वाजवून दाखवायला. ती बरी वाटली की मी मोकळी. म्हणून म्हटलं, तुमच्याकडेच ठेवावी. तुम्ही लावलेली आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक पटकन मिळेल."

कडी उघडली.

टेलपीस लाकडाला टेकलेली. दोन्ही स्क्रू तळापर्यंत आवळलेले, त्यांच्या खाचांत धूळ बसून घट्ट झालेली. तारा ब्रिजच्या मागच्या कडेला घासत होत्या. त्याने पोलादी पट्टी काढली आणि सवयीने दांडीवरच्या बाराव्या फ्रेटवर, म्हणजे बाराव्या आडव्या पट्टीवर, धरून तारांची उंची बघितली.

जाड तार: २.६
बारीक तार: २.२
त्याच्या हाताखालून जाणारी गिटार: २.० आणि १.५
आठ महिन्यांपूर्वी: मोजलीच नव्हती

लाज ही एकदम येते असं म्हणतात. त्याची तशी आली नाही. एकेक गोष्ट आठवत, हप्त्याहप्त्याने आली. बाई डॉक्टरकडे गेली. दोन महिने वाजवलं नाही. नणंदेशी वाद घातला, तोही त्याची बाजू घेऊन.

आणि तरीही त्याच्या तोंडून काय निघालं, ते ऐका.

"ताई, घाई करू नका. अलीकडे एक नवीन पद्धत निघालीय. टेलपीस थोडी वर घ्यायची. त्याने आणखी हलकी होईल."

"नवीन? मागे तुम्ही केलीत तेव्हा नव्हती?"

"तेव्हा... नव्हती."

झालं. आता चार मिनिटं मागच्या खोलीत जायचं, दोन स्क्रू फिरवायचे, बाहेर येऊन तिच्या हातात द्यायची. ती वाजवेल, तिचं बोट सुटेल, ती दुवा देत घरी जाईल. झाकली मूठ झाकलेलीच. शिवाय तिचं भलंही होईल! त्याने गिटार उचलली. त्याला खरोखर वाटलं की आपण चांगलं काम करायला निघालोय.

तेवढ्यात व्हॉल्व्हवाला आत आला.

"मिल्या, डाग द्यायची कथलाची तार संपली रे, जरा दे." मग त्याचं तिच्याकडे लक्ष गेलं. "अरे, गिऱ्हाईक आहे होय? बसा ताई, बसा. याच्याकडे देताय गिटार? जपून हं! याचा तो किस्सा माहीत नाही वाटतं तुम्हाला?"

"कसला किस्सा?"

"नंतर," मिलीमीटर म्हणाला. "तार त्या डब्यात आहे. घे आणि नीघ."

"लाजतोय बघा! स्वतःचं कौतुक ऐकवत नाही याला." व्हॉल्व्हवाल्याने स्टूल ओढलं. "ऐका ताई. एकदा एक मोठा कलावंत आला याच्याकडे. काळा चष्मा, टाचांचे बूट, मागे दोन चेले..."

त्याने सगळा सांगितला. बूट वाजवून दाखवले. डबा उघडून दाखवला. भाजीचा थेंब पडला तिथे इतका लांब थांबला की बाई पुढे वाकली. मिलीमीटर गिटार छातीशी धरून उभा होता, परक्याचं मूल कोणी हातात दिल्यासारखा. थांब म्हटलं तर का, ते सांगावं लागलं असतं.

"...आणि म्हणतो कसा, लोणी झालीय, लोणी!"

ती हसली. मोकळेपणाने, पोट धरून हसली. चिकटपट्टीच्या बोटांनी डोळे पुसले.

"अगंबाई! बिचारा! घरी जाऊन चारचौघांत मिरवलं असेल हो त्याने!"

"मिरवलंच असणार!"

"आणि त्याला अजून माहीत नसेल?"

"कुठून माहीत असणार? सांगणार कोण?" व्हॉल्व्हवाल्याने तारेचं भेंडोळं घेतलं, मिलीमीटरच्या पाठीवर थाप मारली आणि गेला.

दुकानात तिचं हसू थोडा वेळ रेंगाळलं. तिला काहीही कळलेलं नव्हतं. त्याने विनोदाला इतके कपडे चढवले होते की आतली बाई स्वतःलाच ओळखू शकली नाही. तो सुटला होता. सुटण्याची इतकी शरम त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

*

काय म्हणायचं?

ताई, त्या किस्स्यातला तो माणूस

ताई, खरं सांगायचं तर त्या दिवशी शनिवार होता आणि

ताई, माझा काही वाईट हेतू

ताई, तुमच्या बोटाला काहीही

शेवटी तो म्हणाला, "ताई, त्याने चष्मा घातला नव्हता."

"कोणी?"

"बूटही नव्हते. पुरुषही नव्हता." त्याने गिटार काउंटरवर ठेवली. "तुम्ही होतात. आठ महिन्यांपूर्वी. मी मागे जाऊन डबा खाल्ला. तारा पुसल्या. बाकी काही केलं नाही. नवीन पद्धत वगैरेही काही नाही. तेव्हाही होती. पहिल्यापासून आहे."

ती हसत राहिली. म्हणजे चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं. मग तिने गिटारीकडे पाहिलं, मग दाराकडे, जिथून व्हॉल्व्हवाला गेला होता.

"पण मला हलकी वाटली होती," ती हळूच म्हणाली. "खरंच वाटली होती हो."

हे त्याच्या अपेक्षेत नव्हतं. शिव्या चालल्या असत्या. त्याने शिव्यांची तयारी केली होती. पण लाल ती झाली होती. कानाच्या पाळ्या, गळा, सगळं. त्याची लाज तिच्या अंगावर गेली होती, आणि बाई ती निमूट घेत होती.

"तारा पुसल्यामुळे जरा फरक पडतो," तो घाईने म्हणाला. "बोट सरकतं. तुम्हाला वाटलं ते अगदीच..."

"समजूत काढू नका."

"नाही काढत."

"किती जणांना सांगितलंत?"

"मोजले नाहीत."

"तुम्ही? तुम्ही मोजले नाहीत?"

त्याने पट्टी खिशात खोल ढकलली.

"आणि मी आत्ता हसले," ती म्हणाली. "बिचारा म्हटलं." तिने खुर्ची ओढली आणि बसली. बाहेर कोणीतरी सायकलची चेन बसवत होतं, त्याचा खडखडाट येत होता. "दादा, अकरा वर्षं वाजवतेय मी. बोट मला रोज सांगत होतं, कडक आहे म्हणून. रोज. आणि मी बोटाला म्हणत होते, गप बस, मिलीमीटरदादांनी लावलीय."

"बोटाचं बरोबर होतं."

"ते मला आता तुमच्याकडून ऐकायचं नाही."

त्याने पेचकस काढून काउंटरवर ठेवला. मग म्हणाला, "मी आत्ता लावून देतो. चार मिनिटांत. तुमच्यासमोर, इथेच."

"हात लावू नका."

त्याने हात मागे घेतले.

"सांगा," ती म्हणाली. "मी फिरवते."

*

त्याने हात पाठीमागे बांधले आणि सांगत गेला. शाळेत उत्तर चुकलेला पोरगा उभा राहतो तसा, पण आवाज हळूहळू कामाचा झाला.

"आधी तारा सैल करा. सगळ्या, थोड्या थोड्या. ताणलेल्या असताना स्क्रू फिरवला तर आटे जातात. आता तो रुंद पेचकस घ्या. डावीकडे."

"किती?"

"एक फेरा. मग दुसऱ्या बाजूला एक. एकाच बाजूला नको, पट्टी तिरकी होईल."

स्क्रू जाम होता. तिने पेचकस दोन्ही हातांनी धरला, सुजलेलं बोट बाजूला ठेवून. त्याचे हात पाठीमागे एकमेकांना घट्ट धरून होते. ते आपोआप पुढे येऊ पाहत होते. कट्ट असा आवाज झाला. धूळ निघाली.

"अजून?"

"अजून एक. बघा, तार ब्रिजच्या मागच्या कडेला घासत होती ना? सुटली का?"

"सुटली." तिने वाकून पाहिलं, सुईत दोरा ओवताना पाहावं तसं. "ब्रिजचं काय?"

"तिच्याखाली दोन चकत्या आहेत, बोटाने फिरतात. अर्धा फेरा खाली. आता सुरात लावा आणि वाजवा. आवाज थोडा बदललेला वाटेल. घट्टपणा कमी होईल, मोकळा येईल. तो आवडला नाही तर..."

"वाजवल्याशिवाय कसं सांगू?"

तिने सूर लावले. ॲम्प्लिफायरला जोडली नाही. तशीच, कोरडी वाजवली. तिसरी तार ओढली, सोडली, पुन्हा ओढली. मग तारा सैल करून टेलपीस आणखी अर्धा फेरा वर घेतली. तो सांगणार होता की इतकी वर नको, मी इथवर कधीच नेत नाही. ओठ उघडून त्याने मिटले. तिने ब्रिजही बारीक तारेच्या बाजूने आणखी किंचित खाली केली, पुन्हा सूर लावले आणि वाजवत बसली. त्याला अनोळखी असलेलं काहीतरी, मधेच थांबणारं, तिसऱ्या तारेवर पुन्हा पुन्हा येणारं. डोळे उघडे होते.

खिशातली पट्टी काढून मोजावं असं त्याला फार वाटलं. त्याने काढली नाही.

"आता कशी लागते?" त्याने विचारलं. विचारायचं नाही हे ठरवलं होतं, तरी विचारलं.

तिने मान वर केली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच.

"ते मी तुम्हाला नाही सांगणार."

तिने गिटार पेटीत ठेवली. दोन्ही कड्या लावल्या. विकायचं काय, ते तिने काढलं नाही, पण पेटी काउंटरवरून उचलली. रविवारचं काय, हेही त्याला विचारावंसं वाटलं. पण ते सांगायला तिला नणंद होती.

पेटी मोठी, दार अरुंद. त्याने पुढे होऊन दार उघडून धरलं. ती त्याच्या अंगाला लागणार नाही अशी बेताने बाजूने निघाली आणि आभार न मानता गेली. तिने आभार मानले नाहीत याचं त्याला बरं वाटलं. बरं वाटलं, याचीही मग लाज वाटली. मग दार ओढून घेऊन तो शेजारच्या गाळ्यात निघाला. तिथे व्हॉल्व्हवाला कोणाला तरी बूट वाजवून दाखवत होता.